'मी तेथे होतो' : रॉक मैफलींच्या श्रोतृकथनांचा विचार

१

संगीतसमीक्षेत श्रोत्याचा उल्लेख वारंवार होतो. त्याचे म्हणणे मात्र क्वचितच ऐकून घेतले जाते. 'रसिक', 'सहृदय', 'सामाजिक' ही त्याची शास्त्रोक्त नावे आहेत; पण ही नावे धारण करणारा माणूस त्या रात्री कोणत्या रांगेत बसला होता, त्यास काय ऐकू आले आणि काय ऐकू आले नाही, हे सांगण्याची सोय शास्त्रात नाही. रॉक संगीताच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या संगीताच्या प्रत्यक्ष मैफलीस हजर राहिलेल्या चाहत्यांनी आपापसांत सांगितलेले, छापलेले, मुलाखतींतून नोंदविले गेलेले अनुभव आता इतके विपुल झाले आहेत की, त्यांचा एक स्वतंत्र कथनप्रकार मानणे भाग आहे. या प्रकाराचा घाट कोणता, त्याचे प्रामाण्य कितपत, आणि जेथे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे तेथे अशा कथनाचे प्रयोजन काय, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

विवेचनासाठी एकच वास्तू घेतली आहे. ती म्हणजे इंग्लंडमधील मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभारलेले हे सभागृह सेंट पीटर्स फील्ड या मैदानाच्या जागेवर आहे. १८१९ साली संसदीय सुधारणा मागण्यासाठी जमलेल्या जनसमुदायावर घोडदळ घातले गेले, तेच हे मैदान. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने सभागृहाची नासधूस झाली. १९५१ साली ते पुन्हा उघडले. १९९६ पर्यंत हॅले वाद्यवृंदाचे ते घर होते. आज तेथे हॉटेल आहे. याच इमारतीत दहा वर्षांच्या अंतराने दोन कार्यक्रम झाले आणि दोहोंविषयीची श्रोतृकथने आजही थांबलेली नाहीत.

२

पहिला कार्यक्रम १७ मे १९६६ या दिवशीचा, बॉब डिलन यांचा. पूर्वार्धात ते एकटेच गिटार व माउथ ऑर्गन घेऊन गायले; उत्तरार्धात 'हॉक्स' हे विद्युत् वाद्यांचे पथक त्यांच्या साथीस आले. लोकगीतांच्या चळवळीतून आलेल्या श्रोत्यांपैकी अनेकांस हा पालट म्हणजे तत्त्वच्युती वाटली. सभागृहात संथ, निषेधाच्या टाळ्यांचा ठेका सुरू झाला. तो थांबावा म्हणून डिलन यांनी ध्वनिक्षेपकासमोर अर्थहीन पुटपुट चालविली. ती ऐकावी म्हणून लोक गप्प झाले. अखेरच्या गीतापूर्वी श्रोत्यांतून एक शब्द आला : 'जूडास'. ख्रिस्ताला शत्रूच्या हाती देणाऱ्या शिष्याचे हे नाव. डिलन यांनी त्या आवाजास आपला अविश्वास कळविला, त्यास खोटारडे म्हटले आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' या गीताला सुरुवात झाली.

हे सर्व ध्वनिमुद्रित आहे. मग श्रोत्यांच्या आठवणींची आवश्यकता ती काय, असा आक्षेप साहजिकच येईल. त्याचे उत्तर या ध्वनिमुद्रणाच्याच इतिहासात सापडते. सुमारे १९७० पासून ही ध्वनिमुद्रिका चोरून विकली जात होती. पण तिच्यावर नाव होते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे. १९९८ साली ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, तेव्हाही प्रकाशकांनी ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत घालून कायम ठेवले. ध्वनी आपले गाव सांगत नाही. तो कोठे उमटला हे ठरविण्यासाठी ध्वनीच्या बाहेर जावे लागते. आणि बाहेरच्या त्या पुराव्यात माणसाच्या आठवणीला मानाचे स्थान आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. ध्वनिमुद्रण व्यासपीठावरील ध्वनिग्राहकांतून घेतलेले असल्याने त्यातील वाद्यमेळ स्वच्छ आणि सुस्पष्ट आहे. सभागृहातील श्रोत्यांस तो तसा ऐकू आला नाही. आपणच ती हाक दिली असे पुढे दोन व्यक्तींनी सांगितले. त्यांपैकी एकाने दिलेले कारण लक्षणीय आहे. विद्युत् वाद्यांचा राग आपणास नव्हता, तर त्या वाद्यांचा ध्वनी इतक्या वाईट रीतीने आपणांपर्यंत पोचविला गेला याचा होता, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. म्हणजे इतिहासकार जेथे लोकसंगीत विरुद्ध रॉक असा तात्त्विक झगडा पाहतात, तेथे या श्रोत्यास एक सामान्य, पण असह्य अशी अडचण दिसते : शब्द ऐकूच येत नव्हते.

अभिनवगुप्तांनी जी सात रसविघ्ने गणली आहेत, त्यांत 'प्रतीत्युपायवैकल्य' म्हणजे प्रतीतीच्या साधनांतील उणीव, आणि 'स्फुटत्वाभाव' म्हणजे स्पष्टतेचा अभाव, ही दोन आहेत. मँचेस्टरच्या श्रोत्याची तक्रार नेमकी हीच आहे. ध्वनिमुद्रण ऐकून त्या रात्रीच्या श्रोत्यांस अरसिक ठरविणारा समीक्षक एक मोठी चूक करतो. कारण जे त्याने ऐकले ते त्यांनी ऐकलेच नव्हते. ध्वनिमुद्रण कलावंताचे सादरीकरण जपते, तर श्रोतृकथन ग्रहणाचा वृत्तांत देते. आणि ग्रहणाचा वृत्तांत दुसऱ्या कोणत्याही साधनाने मिळत नाही.

तथापि ते दोन्ही दावेदार एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. त्या गोंगाटात दोघेही काहीतरी ओरडले असणे शक्य आहे. परंतु फितीवरचा तो आवाज एकाचाच. दोघेही आज हयात नाहीत, आणि वाद मिटलेला नाही. ज्या शब्दाबद्दल १९६६ मध्ये कोणासही संकोच वाटावा, त्याच शब्दाचे पितृत्व तीस वर्षांनंतर आपणांकडे असावे असे एकाहून अधिकांस वाटले, ही गोष्टच विचारास प्रवृत्त करणारी आहे. दरम्यानच्या काळात तो अपमान इतिहासाचा अलंकार झाला होता.

३

दुसरा कार्यक्रम त्याच इमारतीतील वरच्या लहान सभागृहातला, ४ जून १९७६ चा. लंडनचे 'सेक्स पिस्टल्स' हे पथक हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोघा तरुणांच्या पुढाकाराने आले होते. श्रोते फार तर काही दशके. चाळीसच्या आसपास हा आकडा नेहमी सांगितला जातो. पण आपण त्या रात्री तेथे होतो असे पुढे सांगणाऱ्यांची संख्या एवढी फुगली की, ते लहान सभागृहच काय, खालचे मोठे सभागृहही त्यांस पुरले नसते. डेव्हिड नोलन यांनी २००१ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाचे शीर्षकच 'शपथेवर सांगतो, मी तेथे होतो' या अर्थाचे आहे.

हा दावा एवढा हवाहवासा का वाटावा? कारण त्या मूठभर श्रोत्यांतून पुढे इंग्लंडमधील अनेक नामांकित संगीतपथके निघाली. 'जॉय डिव्हिजन'चे पीटर हुक व बर्नार्ड समनर तेथे होते. दुसऱ्याच दिवशी आपण बेस गिटार विकत घेतली, असे हुक सांगतात. पुढे 'द स्मिथ्स'चे गायक झालेले मॉरिसी हेही तेथे होते. दूरचित्रवाणीवरील निवेदक आणि नंतर 'फॅक्टरी' या ध्वनिमुद्रण संस्थेचे एक संस्थापक टोनी विल्सन यांनी आपण उपस्थित असल्याचे ठामपणे सांगितले. इतरांनी त्याबद्दल शंका घेतली. आणि २००२ सालच्या 'ट्वेंटी-फोर अवर पार्टी पीपल' या चित्रपटाने त्यांस तेथे बसलेले दाखवून टाकले. त्याच पथकाचा त्याच सभागृहात २० जुलै १९७६ रोजी दुसरा कार्यक्रम झाला व त्यास पुष्कळ अधिक गर्दी होती, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे गोंधळाचे एक साधे कारण हाती लागते. कित्येकांच्या स्मृतीत जुलैची रात्र जूनमध्ये सरकली असली पाहिजे.

या सर्व नंतरच्या कथनांशेजारी एक समकालीन लेख ठेवून पाहावा. मॉरिसी यांनी त्या कार्यक्रमाविषयी लिहिलेले एक पत्र त्याच महिन्यात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने छापले. त्यात युगपरिवर्तनाचा उद्घोष नाही. 'न्यूयॉर्क डॉल्स' या आवडत्या पथकाशी तुलना आहे, पथकाच्या गबाळ्या कपड्यांविषयी टोमणे आहेत, आणि यांना यश मिळाले तर बरे, अशी काहीशी थोरपणाचा आव आणणारी सदिच्छा आहे. त्या रात्री काय घडत आहे हे त्या रात्री कोणालाच ठाऊक नव्हते, हे या चिमुकल्या पत्राइतके दुसरे काहीच स्पष्ट करीत नाही. अज्ञान हाच त्याचा गुण आहे.

४

आता या कथनांच्या घाटाकडे वळू. शेकडो आठवणी वाचल्या तरी त्यांची रचना बहुधा चार अंगांची आढळते. प्रथम तिकीट मिळविण्याची खटपट. मग प्रवास व सोबती. नंतर तो एक क्षण, ज्यासाठी सर्व कथन मांडलेले असते. आणि शेवटी त्या क्षणाने आयुष्यात झालेला पालट. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर संकल्प, यात्रा, दर्शन आणि फलश्रुती. हा घाट क्षेत्रमाहात्म्याचा आहे. हुक यांची दुसऱ्या दिवशीची गिटार ही फलश्रुतीच होय; आणि ज्यांस असे फळ दाखविता येत नाही, ते नुसत्या उपस्थितीलाच फळ मानतात.

येथे रससिद्धांताची मर्यादाही स्पष्ट होते. त्या सिद्धांतानुसार प्रेक्षक आपले व्यक्तिगत सुखदुःख विसरतो. ते न विसरणे हे विघ्न. सर्व सामाजिकांच्या प्रतीतीत एकघनता आली म्हणजे रसाचा परिपोष होतो, असेही अभिनवगुप्त सांगतात. रॉक मैफलीच्या कथनांत ही एकघनता पुष्कळ वेळा वर्णिलेली असते. परंतु निवेदकाचा 'मी' तीत विरत नाही, उलट तीतूनच तो जन्मास येतो. १९६६ च्या सभागृहात तर एकघनता दुभंगलेलीच होती, आणि कथनांस जोर आला तो त्या दुभंगातून. म्हणून या प्रकारास केवळ आस्वादाचा वृत्तांत म्हणणे अपुरे ठरते. तो आत्मचरित्राचाही एक तुकडा असतो.

मग त्याच्या प्रामाण्याचे काय? इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी एक प्रसिद्ध उदाहरण अभ्यासले आहे. तेर्नी या गावातील लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली पोलिसांच्या हातून मारला गेला; पण गावातील अनेकांनी त्याचा मृत्यू १९५३ मधील कामगारकपातीच्या लढ्यात झाला असे सांगितले. पोर्तेल्लींच्या मते ही चूक अर्थपूर्ण आहे : लोकांनी तो मृत्यू जेथे त्यास अर्थ येईल तेथे नेऊन ठेवला. जुलैची मैफल जूनमध्ये नेणारा मँचेस्टरचा चाहता हेच करीत असतो. त्यास आरंभाच्या ठिकाणी उभे राहावयाचे असते.

हे मत स्वीकारार्ह आहे. पण त्यास एक अट आहे, आणि तिचा विसर अलीकडे वारंवार पडतो. त्रास्तुल्लीच्या मृत्यूचे खरे वर्ष स्वतंत्रपणे निश्चित झालेले होते, म्हणूनच पोर्तेल्लींस चुकीचा अर्थ लावता आला. चूक सिद्ध झाल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही. 'प्रत्येकाचे सत्य वेगळे' असे म्हणून तारखा, तिकिटे, वृत्तपत्रे व ध्वनिफिती बाजूस सारणारा अभ्यासक उदार नसून आळशी असतो. सर्वच आठवणी सारख्याच खऱ्या मानल्या, तर ज्याने खरोखर ऐकले त्याच्यावर अन्याय होतो.

या दृष्टीने सी. पी. ली यांचे १९९८ सालचे 'लाइक द नाइट' हे पुस्तक आदर्शवत् आहे. ते स्वतः किशोरवयात १९६६ च्या त्या कार्यक्रमास हजर होते. पण ग्रंथात त्यांनी आपल्या साक्षीस इतर साक्षींच्या व कागदपत्रांच्या पंक्तीस बसविले आहे. साक्षीदार आणि संशोधक या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे असूनही एकीने दुसरीस गिळलेले नाही.

५

यावरून चांगल्या श्रोतृकथनाच्या तीन कसोट्या मांडता येतील. निवेदक आपली जागा सांगतो काय, आणि त्या जागेवरून काय दिसले वा ऐकू आले नाही हेही सांगतो काय? त्या रात्रीचे ज्ञान आणि नंतर मिळालेले ज्ञान यांत तो भेद करतो काय? आणि कलावंताच्या पुढील कीर्तीचा प्रकाश वगळला तरी त्याच्या अनुभवात काही उरते काय? या कसोट्यांस उतरणारे कथन अडाणी भाषेत असले तरी मोलाचे. न उतरणारे कितीही रंगतदार असले तरी ते कीर्तीची उसनवारी होय.

मराठी अभ्यासकांस हा प्रश्न परका नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'च्या प्रयोगाविषयीच्या आठवणी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांस एकत्र पाहिलेल्यांपैकी आज कोणी उरलेले नाही, आणि कोणी काय ऐकले हे विचारण्याची वेळ निघून गेली आहे. रॉक संगीताच्या बाबतीत ती वेळ अद्याप गेलेली नाही. मुंबईच्या धोबी तलाव भागातील रंगभवन या खुल्या प्रेक्षागृहात १९८० साली 'द पोलीस' या इंग्रज पथकाचा कार्यक्रम झाला. त्याचे श्रोते आज साठीच्या घरात वा तिच्या पलीकडे आहेत. त्यांच्याकडे जाऊन 'तुम्ही तेथे होता काय?' एवढेच विचारून थांबू नये. 'तुम्ही कोठे उभे होता, आणि तेथून काय ऐकू येत नव्हते?' हा प्रश्न आधी विचारावा. खोटा साक्षीदार बहुधा या दुसऱ्या प्रश्नाशी अडखळतो; आणि खऱ्या साक्षीदाराचे बोलणे बहुधा तेथूनच सुरू होते.