परतणारे रक्त

घोणस चावली की शिवारात पहिला हात सुतळीकडे जातो. उपरणे, कासरा, जे सापडेल ते गुडघ्याखाली करकचून आवळायचे आणि गाडी काढायची. बुलढाणा जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागातून खामगाव, तिथून अकोला. तोवर गाठ तशीच. विष अडले अशी समजूत असते. अडलेले असते रक्त. गाठ सुटली की पायात दुसरेच दुखणे सुरू होऊ शकते, आणि साठ वर्षांहून अधिक संशोधनानंतरही त्यावर खात्रीचे औषध हाती आलेले नाही.

रक्ताविना स्नायू लगेच मरत नाही. चारेक तास तो बहुतांशी तग धरतो, सहा तासांनंतर कायमची हानी झपाट्याने वाढते. म्हणूनच शस्त्रक्रियेत हवेचा पट्टा साधारण दोन तासांपलीकडे आवळून ठेवत नाहीत. या काळात पेशीतली ऊर्जा संपते, क्षारांचे पंप बंद पडतात, कॅल्शियम आणि सक्सिनेट साचतात. मग रक्त परत येते. प्राणवायू मिळताच सक्सिनेट भराभर जळते, मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइडचा लोट उठतो. केशवाहिन्यांचे अस्तर सुजते, त्याला पांढऱ्या पेशी चिकटतात, आणि मोठी धमनी मोकळी असूनही बारीक वाहिन्यांत रक्त शिरत नाही. कालव्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: गेट उघडले, पण टेलला पाणी पोचले नाही. स्नायू फुगतो, त्याभोवतीचे चिवट आवरण मात्र ताणले जात नाही, म्हणून आतला दाब चढतो. शिवाय मेलेल्या पेशींतले पोटॅशियम हृदयाकडे जाते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडाकडे.

१९४१ साली बायवॉटर्स आणि बील यांनी लंडनच्या बाँबहल्ल्यांतले असे रुग्ण नोंदवले. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंड निकामी होऊन गेली. १९६० मध्ये जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयात दाखवले की रक्त परतल्यावर पेशींचा नाश अधिक वेगाने दिसतो. पुढे मॅककॉर्ड यांनी प्राणवायूच्या मुक्त कणांचा सिद्धांत मांडला आणि औषधांची रीघ लागली. हृदयविकाराच्या रुग्णांत सायक्लोस्पोरिन २०१५ च्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. दंडावरचा पट्टा आळीपाळीने आवळून-सोडून शरीराला आधीच सावध करण्याची कल्पना तर फार देखणी. पाच हजारांवर रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत तीही फसली.

माझ्या मते हे अपयश औषधांइतकेच प्रयोगाच्या मांडणीचे आहे. प्रयोगशाळेत तरुण, निरोगी उंदराची धमनी ठरलेल्या मिनिटाला चिमट्यात धरतात आणि ठरलेल्या मिनिटाला सोडतात. औषध बहुधा आधीच दिलेले असते. संग्रामपूरहून आलेल्या पायात घोणसीचे विष आहे, ते स्वतःच स्नायू कुजवते. दोरीने धमनीपेक्षा शिरा अधिक दाबल्याने सूज आहे. रुग्ण उन्हात राबलेला, पाण्याविना सुकलेला. किती नुकसान विषाचे, किती दोरीचे, हे वेगळे काढता येत नाही. या पायावर संशोधन अत्यंत तोकडे आहे, आणि आपल्याकडे पाय असेच येतात. दाह सरसकट दाबण्याचा हट्टही मला पटत नाही. मेलेला स्नायू साफ करून नवा तयार करण्याच्या कामात त्याच दाहातल्या पेशी लागतात.

यश मिळाले ते साध्या गोष्टींना. १९८२ मध्ये लेबनॉनमधील टायर येथे कोसळलेल्या इमारतीतून काढलेल्या सात जणांना जागेवरच सलाईन सुरू केले. एकाचेही मूत्रपिंड निकामी झाले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेल्या महाराष्ट्रात हे ज्ञान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयापर्यंत मुरायला हवे होते. दाब वाढलेल्या पोटरीचे आवरण वेळेत चिरून मोकळे करणे हाही जुनाच उपाय. पण तो ओळखणाऱ्यावर अवलंबून: पायाची बोटे हलक्या हाताने ताणली तरी रुग्ण कळवळतो, आणि नाडी लागते म्हणून धोका नाही असे मुळीच नसते. सर्पदंशात मात्र प्रतिविष देऊन रक्त गोठण्याची क्षमता सावरल्याशिवाय चिरणे जिवावर बेतू शकते. हाडवैद्याच्या कामट्यांची घट्ट पट्टी हीही याच घराण्यातली. अशा आवळलेल्या पट्टीने हात आखडतो हे फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहिले होते.

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने नवे रेणू शोधण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या गाठी मोजाव्यात: कधी बांधली, किती घट्ट, कुठे सोडली, सोडल्यावर लघवीचा रंग काय होता. गावात तर बांधूच नये, पाय हलू न देता निघावे. बांधून आणलाच, तर गाठ दारातच झटकन कापू नये, कारण अडलेले विषही त्याच लोटाबरोबर सुटते. आधी सलाईनची सुई शिरेत, प्रतिविष हाताशी, छातीवर हृदयाच्या आलेखाच्या तारा, श्वासाची नळी तयार. मग गाठ हळूहळू सैल करायची आणि तो पाय पुढचे कित्येक तास पुन्हापुन्हा पाहायचा.