डोहाळे आणि पथ्ये

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना पथ्यपाण्याच्या गोष्टी काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणून आहे. परंतु ज्या घरात येत्या वर्षी पाळणा हलायचा आहे, तिथे हा वाद फराळाच्या ताटावरच सुरू होतो. सासूबाई म्हणतात, तिळाचे काही देऊ नका, उष्ण पडेल. माहेरून आईचा निरोप येतो, अननसाची फोडही तोंडात घालू नकोस. जाऊबाईंनी कुठलेसे कात्रण जपून ठेवलेले असते, आणि धाकटे भावोजी मोबाईलवर विलायतेतली एक लांबलचक यादी वाचून दाखवतात. प्रेम सगळ्यांचेच खरे. मात्र जिच्यासाठी हे चालले आहे ती हात आखडून बसते, आणि तिला काय खावेसे वाटते हे विचारायचे राहूनच जाते.

मी वैद्य नव्हे. शाळेत मराठी शिकवणारी आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारी बाई आहे. तेव्हा अन्नाची परीक्षा करण्याचा अधिकार माझा नाही. पण गर्भवतीने काय खावे याविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे लिहिले, गायिले आणि सांगितले गेले, त्याची वाङ्मय म्हणून परीक्षा करता येते. मला तीन कसोट्या पुरेशा वाटतात. सांगणारा कारण सांगतो का? किती खाल्ल्याने बाधेल, ते प्रमाण देतो का? आणि ज्या बाईसाठी हे सारे सांगायचे, तिला तो काही विचारतो का?

विचारण्याच्या कसोटीत पहिला क्रमांक कालिदासाचा. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणीला दिवस गेले आहेत. ती लाजाळू, मनातले नवऱ्यापाशी बोलत नाही. तेव्हा राजा दिलीप तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, की हिला कशाकशाची इच्छा होते आहे. एवढा मोठा राजा बायकोच्या जिभेची चौकशी करतो आणि कवीला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आमच्या कादंबऱ्यांतले किती नायक एवढी तसदी घेतात, ते मोजायला एका हाताची बोटेही फार होतील.

पण कारणाच्या कसोटीवर कवी निसटतो. राणीला माती खाण्याचे डोहाळे लागले आहेत. कवी म्हणतो, हिचा पुत्र पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आईला आधी मातीची गोडी लागली. कल्पना सुंदर खरी, परंतु ती राजवाड्यातच शोभते. खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजलेली माती चोरून खाणाऱ्या गर्भवती बायका आजही आहेत, आणि त्यांच्या पोटी चक्रवर्ती जन्मत नाहीत. अशी ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते, असे आजचे वैद्यक सांगते. मातीतून पोटात जंत जातात, कधी शिसेही जाते. तेव्हा सुदक्षिणेच्या सख्यांना मी एवढेच म्हणेन, की बायांनो, राजाला सांगा, पण तिचे रक्तही तपासून घ्या.

चरकसंहिता या बाबतीत कवीपेक्षा सावध आहे. शारीरस्थानात गर्भवतीला दोन हृदयांची म्हटले आहे. एक तिचे, एक बाळाचे. तिची इच्छा ही दोघांची इच्छा, म्हणून ती डावलू नये. बाधणाऱ्या वस्तूचीच तीव्र इच्छा झाली तर? तर तीही हितकर पदार्थाबरोबर द्यावी, म्हणजे मन शांत होईल. दटावण्यापेक्षा ही रीत किती समजूतदार!

पुढे आठव्या अध्यायात कशाने काय बिघडते याची यादी येते. त्यातले परिणाम आज कोणी शब्दशः मानणार नाही. आईने खारट खाल्ल्याने मुलाला लवकर सुरकुत्या पडतात आणि टक्कल पडते, हे वाचून हसूच येते. परंतु यादीची भाषा पाहावी. मधुरनित्या, अम्लनित्या, लवणनित्या असे शब्द तिथे आहेत. नित्य, म्हणजे सदोदित तेच ते खाणारी. सारा भर या एका शब्दावर आहे. ग्रंथातून स्वयंपाकघरात येता येता तो वाटेत कुठे तरी गळाला असे दिसते, आणि ‘सदा खाऊ नये’ याचे ‘कधीच खाऊ नये’ होऊन बसले. शाळेत मुलांनी असे केले तर आम्ही अर्थाचा अनर्थ म्हणून गुण कापतो.

बायकांच्या तोंडचे वाङ्मय तर दोन जिभांनी बोलते. डोहाळजेवणाला फुलांचे दागिने घालून तिला झोपाळ्यावर बसवतात आणि पहिल्या महिन्यापासून नवव्यापर्यंतचे डोहाळे गाण्यांत सांगतात. चिंच म्हणू नका, कैरी म्हणू नका, हवे ते मागायची तिला मुभा असते. त्याच बायका दुसऱ्या दिवशी सांगतात, पपई नको, अननस नको, जोडकेळे नको, जुळी होतील. गाण्यात बाई मागते आणि घर देते. पथ्यात घर सांगते आणि बाई ऐकते. दुर्दैव असे की गाणे एका दुपारचे आणि पथ्य नऊ महिन्यांचे.

यातल्या पपईची कथा ऐकण्याजोगी आहे. जुन्या ऋषींनीच ती वर्ज्य केली, असे ठासून सांगणारे लोक भेटतात. पण पपईचे झाड मूळ अमेरिकेतले. युरोपीय दर्यावर्दींच्या मागून सोळाव्या शतकात ते आपल्याकडे आले. चरकसुश्रुतांनी ते पाहिलेच नव्हते. मग भीती निराधार का? तसेही नाही. २००२ साली एका ब्रिटिश पोषणविषयक नियतकालिकात उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पिकलेल्या पपईच्या रसाने गाभण माद्यांना काही झाले नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले. उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसाचा निकाल नव्हे. तरी वाट दिसते: कच्ची, अर्धवट पिकलेली पपई टाळावी, पूर्ण पिकलेलीच्या फोडीने आकाश कोसळत नाही. म्हातारीचे म्हणणे निम्मे खरे होते. तिला कोणी कारण विचारले नाही, म्हणून उरलेले निम्मेही त्याच पदराखाली खपले.

आता विलायती यादीकडे वळू. तिच्यामागे खरी दुःखे आहेत, हे आधी मान्य करावे. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी समुद्रात गेले, ते माशांत साठले, आणि १९५६ साली तो आजार उघडकीला आला. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांची मुले जन्मतः अपंग निघाली. कॅनडात १९८१ साली कच्च्या कोबीच्या कोशिंबिरीतून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला. ४१ रुग्णांपैकी ३४ प्रसंग गर्भारपणाचे आणि नवजातांचे होते. हा जंतू थंडीतही वाढतो, म्हणून फ्रिजवर विसंबून भागत नाही. दारू, न तापवलेले दूध, कच्चे मांस, कच्ची अंडी यांविषयीचे इशारे असेच अनुभवातून आलेले आहेत. ते पाळलेच पाहिजेत.

तरीही मजकूर म्हणून ही यादी आपल्याकडे उपरी वाटते. साताऱ्याच्या सुनेला ती बुरशीच्या मऊ चीजपासून सावध करते, जे तिने पाहिलेलेही नसते. आणि गाड्यावरच्या पाणीपुरीचे पाणी, उसाच्या रसातला बर्फ यांविषयी चकार शब्द काढत नाही. कोकणातल्या बाईला ‘मासे जपून’ एवढेच सांगितले तर ती सगळेच मासे सोडते. वास्तविक टाळायचे ते मुशीसारखे मोठे शिकारी मासे, ज्यांच्यात पारा साठतो. बांगडा, तारली यांनी तिचा फायदाच आहे. उलट, दूध उकळल्याशिवाय वापरायचे नाही आणि अन्न ताजे, गरम वाढायचे, ही आपल्या घरांतली जुनी शिस्त याच जंतूंवरचा उत्तम उपाय आहे. तिचे कौतुक मात्र कोणतीही यादी करीत नाही.

आणि यादीचा सर्वांत मोठा दोष असा, की काय वगळावे एवढेच ती विचारते. ताटात काय कमी आहे, हा प्रश्न एका बाईने आपल्या मुंबईत विचारला होता. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली इथे आली आणि गिरणीत काम करणाऱ्या गर्भवतींच्या पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. जंतू सापडेना, तेव्हा तिने त्यांच्या जेवणाकडे पाहिले. हिरवा पाला, फळे, सत्त्वयुक्त अन्न यांचाच तिथे तुटवडा होता. यीस्टचा स्वस्तातला काळा अर्क दिल्यावर बायका सुधारल्या. १९३१ साली तिने ते प्रसिद्ध केले. दहा वर्षांनी तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. बाळाच्या कण्याचे आणि मेंदूचे काही जन्मजात दोष या गोळीने पुष्कळ टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. मात्र ती दिवस राहण्याआधीपासून घ्यावी लागते, कारण बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच घडतो.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गर्भवतींपैकी ५२.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे दोघींत एक. ज्या घरात सगळ्यांचे झाल्यावर सून जेवायला बसते आणि उरलेली भाजी पातेल्याला लावून पुसते, त्या घरात तिच्यापुढे आणखी दहा पदार्थ ‘नको’ म्हणून मांडणे हे पथ्य नव्हे, उपासमार आहे. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून तिला कमी वाढणारी माणसेही मी पाहिली आहेत. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. पण पोट मायेने भरत नाही.

म्हणून या वाङ्मयात मला एक नवे गाणे हवे आहे. त्यात दिलीपाची चौकशी असावी, चरकाचा तो ‘नित्य’ शब्द परत यावा, आणि विल्सबाईंचा प्रश्न असावा. प्रत्येक ‘नको’च्या पुढे कारण असावे, प्रमाण असावे, आणि त्याच्या जागी दुसरे काय द्यायचे ते असावे. अननस नको म्हणणाऱ्याने पेरू चिरून पुढे करावा. पालेभाजी धुऊन, शिजवून तिला आधी वाढावी. शंका आली तर दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारावे, आणि विचारायला जाताना तिलाही बरोबर न्यावे. प्रश्न तिच्या तोंडून यावा, कारण जेवायचे तिला आहे.