सॉन्डरसनची पाटी

मागच्या वेळी आपण लॉकपाशी थांबलो होतो आणि मॉलिन्यूचा प्रश्न अर्धवट राहिला होता. जन्मांध माणूस हातानं चाचपून गोल आणि घन ओळखतो. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून, गोल कुठला आणि घन कुठला हे तो सांगेल का? लॉकनं १६९४च्या आवृत्तीत हा प्रश्न घेतला. मग बर्कली, लायब्निट्स, काँदियाक अशा सगळ्यांनी उत्तरं दिली. आम्ही स्वतः तीसेक वर्षं हा प्रश्न वर्गात शिकवला, परीक्षेत विचारला. पण एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. यात अंध माणूस आहे तो नमुना म्हणून. त्याला दिसू लागलं तर आपल्या ज्ञानमीमांसेचं काय होईल, याची सगळ्यांना चिंता. त्याला आज, आहे तसं, भूमिती शिकायची असेल तर काय, हे कुणी विचारत नाही.

दिदरोचं अंधांविषयीचं पत्र आज वाचायचं ते म्हणून. हे १७४९ सालचं. त्यापायी त्याला व्हँसेनच्या किल्ल्यात कैद झाली, हे बहुतेकांना माहीत असतं. पत्रातला गाजलेला भाग म्हणजे निकोलस सॉन्डरसनचा मृत्यूप्रसंग. मरणशय्येवरचा हा अंध गणिती धर्मोपदेशकाशी ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालतो. सुंदर लिहिलंय, पण ते दिदरोनं रचलेलं आहे. आमचा आक्षेप इथं आहे. स्वतःला जे बोलायचं होतं ते त्यानं एका मेलेल्या अंध माणसाच्या तोंडी घातलं. म्हणजे इथंही अंध माणूस कुणाच्या तरी कामाला आला.

पण त्याच पत्रात, वाचक कंटाळून उलटतात अशी काही पानं आहेत, आणि आमच्या मते पत्राचं खरं मोल तिथं आहे. सॉन्डरसन गणित कसं करायचा, हे दिदरो बारकाईनं सांगतो. एक लाकडी पाटी. तिच्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात नऊ भोकं. टाचण्या दोन प्रकारच्या, मोठ्या डोक्याच्या आणि लहान डोक्याच्या. मधल्या भोकात मोठी टाचणी म्हणजे शून्य, तिथंच लहान असेल तर एक. मोठी मध्ये आणि लहान भोवतालच्या आठांपैकी एका भोकात, की दोनपासून नऊपर्यंतचे आकडे झाले. बोटं फिरवायची आणि हिशेब वाचायचा. टाचण्यांना दोरे गुंडाळले की भूमितीची आकृती तयार! देवीच्या आजारात वर्षाच्या आतबाहेर डोळे गेलेला हा माणूस १७११ साली केंब्रिजमध्ये न्यूटनच्याच गादीवर, ल्यूकेशियन प्राध्यापक म्हणून बसला आणि प्रकाशशास्त्रावर व्याख्यानं द्यायचा. प्रकाशावर, बरं का! लोकांना चमत्कार वाटायचा. त्यात चमत्कार कसला? किरण म्हणजे रेषा, परावर्तन म्हणजे कोन, आणि रेषा-कोन त्या पाटीवर होते. ब्रेलच्या जन्माला अजून शंभर वर्षं होती.

आता आमच्या वर्गात येऊ. तर्कशास्त्राचा तास. फळ्यावर व्हेन आकृती काढून आम्ही म्हणत होतो, ‘‘हा भाग छायांकित करा, तो मोकळा ठेवा.’’ पहिल्या बाकावर एक अंध विद्यार्थिनी बसायची. तिनं विचारलं, ‘‘सर, हा म्हणजे कुठला?’’ आम्ही मोठ्या उदारपणे सांगितलं, ‘‘तुम्ही हा प्रश्न सोडा, त्याचे गुण दुसरीकडे देऊ.’’ ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येताना तीन बांगड्या आणि मूठभर चिंचोके घेऊन आली. बाकावर बांगड्या एकमेकींत सरकवल्या आणि म्हणाली, ‘‘चिंचोके कुठं ठेवायचे तेवढं सांगा.’’ दहा मिनिटांत तिनं संविधानाची युक्तता तपासून दाखवली. मग बोलता बोलता कळलं, की तिला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. दहावीला शाळेनं गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायला लावलं, विज्ञानाऐवजी पर्यायी विषय दिला. अकरावीला विज्ञानशाखेचं दार बंद, मग कला, मग तत्त्वज्ञान. आमच्या विभागात अंध विद्यार्थी पुष्कळ येतात याचा आम्हाला अभिमान वाटायचा. ते का येतात, हे त्या दिवशी कळलं.

सवलत आणि सोय हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. ते वेगळे आहेत. सवलत दिली की शिक्षकाचं काम संपतं; सोय करायची म्हटलं की सुरू होतं. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा बघा. कलम १७मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षेत बदल करायला सांगताना उदाहरणं दिली आहेत: जास्त वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. भाषेतून! विज्ञानातून सूट द्या असं त्यात म्हटलेलं नाही. तो उदारपणा आपला.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतात, ‘‘प्रयोगशाळेचं काय? अनुमापनात रंग बदललेला कसा दिसणार?’’ प्रश्न प्रामाणिक आहे, उडवून लावू नये. पण फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होणं ही आम्लाचं उदासीनीकरण झाल्याची खूण आहे. खूण बदलता येते. पीएच मीटरचा आकडा मोठ्यानं वाचता येतो, यंत्राकडून बोलवून घेता येतो. क्ष-किरणांतलं आकाश तर डोळस खगोलशास्त्रज्ञालाही दिसत नाही. आकड्यांना रंग देऊन त्याचं चित्र करतात. मग त्याच आकड्यांना सूर का देऊ नयेत? वांदा दियास-मर्सेद या अंध खगोलशास्त्रज्ञ बाई तेच करतात, आणि चंद्रा दुर्बिणीच्या माहितीचे नादही नासानं २०२०पासून प्रसिद्ध केले आहेत. सगळं असं सुटतं असा आमचा दावा नाही. काही प्रयोगांत जोडीदार लागेल, आणि तो लागला तर बिघडलं कुठं? डोळस विद्यार्थीही जोडीनंच प्रयोग करतात, अर्धे तर एकमेकांच्या वहीतून! (हशा)

वैद्यकीय प्रवेशांतही हेच घोळत होतं. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अपंगत्वाची नुसती टक्केवारी बघून प्रवेश नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम करू शकेल का, ते मंडळानं तपासून कारणांसह लिहायचं. बांगड्यांचा प्रसंग आठवला की वाटतं, ते ‘कारणांसह’ आम्हाला लागू झालं असतं तर आम्ही काय लिहिलं असतं? फळ्यावर आकृती काढायची आमची सवय आहे, एवढंच.

कर्णबधिरांबद्दल आज बोलायला वेळ नाही. सांकेतिक भाषेत ‘संवेग’ आणि ‘वेग’ वेगळे कसे दाखवायचे, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो आमच्यापेक्षा जाणकार माणसानं मांडावा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत माइक द्या. बोलणाऱ्यानं आधी नाव सांगा, कारण पुढच्या रांगेत आज दोघं असे बसलेत, की कोण बोलतंय ते त्यांना दिसत नाही.