‘आपण’ म्हणण्याचा अधिकार

कलेवर मत देण्याचा अधिकार कोणाचा, हा आपल्या टीकावाङ्मयांतील जुना वाद आहे. ज्यानें स्वतः कांहीं निर्माण केलें त्यानेंच बोलावें, असें एक पक्ष म्हणतो. आमटी खारट झाली हें सांगण्यास स्वयंपाक यावा लागत नाहीं, असें दुसरा म्हणतो. या दोन पक्षांच्या झटापटींत एका टीकाकाराकडे मात्र कोणाचेंच लक्ष गेलेलें नाहीं. तो टीकाकार म्हणजे फुटबॉलच्या संघाचा चाहता. त्याचे लेख कोठें छापून येत नाहींत, तो कोणत्याहि परिषदेचा अध्यक्ष होत नाहीं. पण वर्षाचे बारा महिने तो आपल्या संघाची भरती, कारभार आणि जमाखर्च यांवर बोलत असतो. ही बडबड उथळ असते, अशी माझीहि परवांपर्यंत समजूत होती. ती कशी पालटली आणि किती पालटली, हें वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मांडवगण फराटा हें माझें गांव. शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगास, भीमेच्या पाण्यावर ऊस पिकविणारें. नदी ओलांडली कीं दौंड तालुका लागतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत गांवीं गेलों असतां संध्याकाळीं पारावर पांचसहा तरुण बसलेले दिसले. दोघे रांजणगांवच्या कारखान्यांत कामास जाणारे, बाकीचे घरची शेती पाहणारे. माझा पुतण्याहि त्यांत होता. “आपण तो गडी घ्यायलाच नको होता,” एकजण तावातावानें सांगत होता. “तेवढ्या पैशांत दोन चांगले गडी आले असते, आणि डोक्यावरचं कर्ज तरी वाढलं नसतं.” ऊसतोडीच्या टोळीस दिलेल्या उचलीची गोष्ट चालली असावी, असें मला वाटलें. थोड्या वेळानें उलगडा झाला. गडी ब्राझीलचा होता. त्याला घेणारा संघ इंग्लंडांतील मँचेस्टरचा होता. आणि कर्ज म्हणजे २००५ सालीं त्या संघाच्या अमेरिकन मालकांनीं संघ विकत घेतांना बरेचसें संघाच्याच डोक्यावर टाकलेलें कर्ज होतें. त्या मुलांपैकीं कोणीहि मँचेस्टर पाहिलेलें नाहीं. तरी खेळाडूचें वय, कराराचीं वर्षें, जुना प्रशिक्षक आणि नवा प्रशिक्षक यांच्या पद्धतींतील फरक, व्याजांत जाणारा पैसा, हें सर्व त्यांनीं जितकें बारकाईनें मांडलें, तितक्या बारकाईनें माझ्या वर्गांत एखाद्या नाटकाची चर्चा झाल्याचें मला आठवत नाहीं.

परंतु त्या माहितीहून माझें लक्ष एका सर्वनामानें अधिक वेधलें. मराठींत प्रथमपुरुषाचें अनेकवचन दोन प्रकारचें आहे. ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें कीं तोहि आंत येतो. इंग्रजींत ही सोय नाहीं. तेथें एकाच शब्दावर दोन्ही कामें भागवावीं लागतात. पारावरचा मुलगा ‘त्यांनीं’ म्हणाला नाहीं, ‘आम्हीं’ म्हणाला नाहीं; तो ‘आपण’ म्हणाला आणि शेजारच्या पांचहि जणांस त्या दूरच्या संघाचे भागीदार करून बसला. व्यवहाराच्या दृष्टीनें हें सर्वनाम खोटें आहे. संघ मालकाचा, गडी घेतला मालकाच्या माणसांनीं, विकतीलहि तेच. मग हें ‘आपण’ कोणत्या हक्कावर?

महाराष्ट्रास हें ‘आपण’ नवें नाहीं. १९१३ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. कोणता नट कोणत्या मंडळींतून फुटला, कोणाच्या जाण्यानें कोणाचें नुकसान झालें, या गोष्टी तिकीट काढून नाटक पाहणाऱ्या सामान्य माणसासहि घरच्या वाटत. त्या मंडळीच्या वैभवाची कीर्ति होती. खरे शालू, खरीं अत्तरें यांवर प्रेक्षक लुब्ध होते. पुढें मंडळीवर मोठें कर्ज झालें आणि तें फेडण्याचा भार बालगंधर्वांनीं आपल्या शिरावर घेतला. ज्या थाटासाठीं प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या, त्या थाटाचें बिल दुसऱ्याच कोणाच्या नांवें फाटलें. रसिक आणि जमाखर्च यांचें नातें असें जुनें आहे. रसिकास उत्तम तें हवें असतें. त्याचे पैसे कोठून येणार, हा प्रश्न त्याला पडदा पडल्यावर सुचतो.

पारावरच्या त्या चर्चेंत माझा पुतण्या फारसें बोलत नव्हता. घरीं आल्यावर त्याचें कारण कळलें. त्याच्या पेटींत घडी करून ठेवलेला एक नारिंगी सदरा आहे. तो पुणें सिटी या संघाचा. तो संघ आज नाहीं.

या संघाची कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. कारण फुटबॉलच्या चाहत्याची टीका कोठें खरी ठरते आणि कोठें लंगडी पडते, हें तींत स्वच्छ दिसतें. २००७ सालीं अशोक पिरामल उद्योगसमूहानें पुण्यांत पुणे फुटबॉल क्लब काढला. २०१२-१३ च्या आय-लीग स्पर्धेंत तो दुसरा आला. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली, आणि तिच्यासाठीं पुणें सिटी हा वेगळा संघ वाधवान समूहाच्या पैशावर उभा राहिला. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी निघाला, आणि डीएसके शिवाजियन्स हा संघहि आय-लीगमध्यें आला. शहराच्या इतिहासांत एवढें फुटबॉल कधीं आलें नव्हतें. नंतर ओहोटी लागली. भारत एफसी एकच हंगाम खेळला; २०१५ सालीं तो आणि पुणे फुटबॉल क्लब दोन्ही बंद झाले. २०१७ सालीं शिवाजियन्सचा संघ मिटला. २०१९ सालीं पुणें सिटी विसर्जित झाला, आणि लीगमधील त्याच्या जागीं हैदराबादचा नवा संघ आला. पांच वर्षांत एका शहरांतून चार व्यावसायिक संघ नाहींसे झाले.

पुणें सिटीच्या पांच हंगामांवर चाहत्यांची जी टीका होती, ती पुतण्यानें मला क्रमवार सांगितली. पहिला आक्षेप भरतीवर. २०१४ सालीं फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघांतील डेव्हिड ट्रेझेगे आला, पुढच्या वर्षीं रुमानियाचा एड्रियन मुटू. नांवें मोठीं, परंतु दोघांचाहि ऐन उमेदीचा काळ मागें पडलेला. दुसरा आक्षेप कारभारावर. कोलोंबा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन असे सहा प्रशिक्षक पांच हंगामांत झाले. एकाची पद्धत मुलांच्या अंगवळणी पडते न पडते तोंच दुसरा येई. हबास हा तर पहिल्याच लीगमध्यें कोलकात्यास विजेतेपद मिळवून देणारा. पण एका जागचें यश दुसऱ्या जागीं रोपासारखें उपटून लावतां येत नाहीं. पहिले तीन हंगाम संघ उपांत्य फेरीपर्यंत पोंचला नाहीं. २०१७-१८ सालीं मात्र लीगमध्येंच तावून निघालेले मार्सेलिन्यो आणि अल्फारो हे दोघे आले, आणि संघ चौथा आला. त्या वर्षीं पुतण्या मित्रांबरोबर बालेवाडीस गेला होता. सदरा त्याच वेळचा. उपांत्य सामन्यांत पुण्यास बरोबरी झाली आणि बंगळुरास सुनील छेत्रीनें तीन गोल करून खेळ संपविला.

या टीकेंत चूक काढावी असें मला कांहीं सांपडलें नाहीं. नांवास भुलूं नये, पद्धत ठरवून मग माणूस निवडावा, आणि निवडल्यावर त्याला वेळ द्यावा, हे तिन्ही सिद्धांत कोणत्याहि संस्थेस लागू पडतील. शिवाय ही टीका प्रेमांतून आलेली आहे, म्हणून ती हजर राहून केलेली आहे. पुस्तक न वाचतां परीक्षण लिहिण्याची जी सोय आम्हां विद्वानांस असते, ती या टीकाकारास नाहीं.

परंतु याच टीकेचा क्रम पाहिला म्हणजे तिची उणीव कळते. प्रथम भरती, मग कारभार, आणि जमाखर्च शेवटीं. किंबहुना पुण्याच्या बाबतींत तो प्रश्न आमच्या पारावर कोणीं विचारलाच नव्हता. पुतण्यास मार्सेलिन्योचे गोल पाठ होते. पण मालकाचा मूळ धंदा कोणता, हें त्याला संघ बुडाल्यावर समजलें. मालक समूहाची घरबांधणीस कर्ज देणारी डीएचएफएल ही कंपनी २०१९ सालीं देणीं थकवून बसली, आणि त्याच वर्षीं संघ संपला. मैदानावर जें घडलें त्यानें हा संघ मेला नाहीं. मैदानापासून दूर, ज्या कागदांकडे चाहत्यानें कधीं पाहिलें नाहीं, त्या कागदांनीं त्याला मारलें. ज्या संघाचें उत्पन्न प्रेक्षकांपेक्षां मालकाच्या उत्साहावर अधिक चालतें, त्याचें आयुष्य मालकाच्या उत्साहाएवढेंच असतें. हैदराबादचा संघ २०२२ सालीं विजेता झाला. पण पुढें तोहि पैशाच्या अडचणींत सांपडला, आणि २०२५ सालीं दिल्लीस गेला. विजय आणि स्थैर्य या दोन वेगळ्या वस्तु आहेत, याचें याहून स्पष्ट उदाहरण काय द्यावें?

आतां कोल्हापुराकडे पाहावें. तेथील संघ तालमींच्या आणि मंडळांच्या नांवांनीं खेळतात: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवरील त्यांच्या सामन्यांस लोटणारी गर्दी प्रसिद्धच आहे. या संघांनींहि परदेशी खेळाडू आणले, त्यांच्या चाहत्यांत हाणामाऱ्याहि झाल्या; त्यांचें गुणगान करण्याचा माझा उद्देश नाहीं. परंतु तेथें संघाच्या पाठीशीं पेठ असते. खेळणारा, पदाधिकारी आणि टीका करणारा हे एकाच गल्लींत भेटतात, त्यामुळें प्रश्न विचारण्यास दार सांपडतें. पुण्याचे चार संघ बुडाले, पण कोल्हापूरच्या या तालमी टिकून राहिल्या, याचें कारण मला येथें दिसतें. कोलकात्यासहि असेंच घडलें. १८८९ पासूनचा मोहन बागान २०२० सालीं दुसऱ्या एका संघाशीं जोडला गेला आणि त्याच्या नांवाआधीं नवीं अक्षरें चिकटलीं. चाहत्यांनीं जवळजवळ तीन वर्षें विरोध चालविला. २०२३ सालीं लीग जिंकल्यावर मालकांनीं तीं अक्षरें काढीत असल्याचें जाहीर केलें. मालकी पालटली नाहीं, पण ‘आपण’ या शब्दाची दखल घ्यावी लागली.

मग सर्व संघ चाहत्यांच्याच हातीं द्यावे, म्हणजे झालें? तेंहि इतकें सोपें नाहीं. जर्मनींत १९९८ च्या नियमानें, कांहीं अपवाद सोडतां, मतांचा निम्म्याहून अधिक भाग संघाच्या सभासदांकडे राहतो, आणि त्याचा तेथें उपयोग झाला आहे. परंतु स्पेनमधील बार्सिलोनाचा अध्यक्षहि सभासदच निवडतात. २०१७ सालीं नेमार बावीस कोटी वीस लक्ष युरोंस गेला. त्याची उणीव भरण्यासाठीं घाईघाईनें महागडे खेळाडू आणले गेले. २०२१ सालीं देणें एक अब्ज युरोंच्या वर गेल्याचें उघड झालें, आणि मेसीस ठेवून घेणें अशक्य झालें. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हांपासून आपण महाराष्ट्रांत हाच धडा गिरवीत आहों. सभासदास उसाला भाव चढा हवा, घरीं साखर स्वस्त हवी, आणि संस्थेवर कर्ज मात्र नको. मताचा अधिकार मिळाला म्हणजे विवेक आपोआप येत नाहीं. गंधर्वांच्या शालूवर टाळ्या देणारा प्रेक्षकच येथें मतदार होऊन बसतो.

हें सर्व ध्यानांत घेऊन मीं एकदां पुतण्यास प्राध्यापकी थाटांत म्हटलें, “अरे, मँचेस्टरच्या कर्जाचा एवढा अभ्यास करतां, गांवच्या संस्थेचा अहवाल कधीं वाचलात काय?”

तो हंसला. म्हणाला, “तात्या, तिथं तोंड उघडलं की भावकीतले चार जण महिनाभर बोलत नाहीत. व्यासपीठावर बसलेला चुलता असतो, नाहीतर मामा. मँचेस्टरच्या मालकाला शिव्या दिल्या तर आपल्या बांधावर कोण येतंय?”

मला उत्तर सुचलें नाहीं. चाहत्याच्या टीकेंतील मोकळेपणा कोठून येतो, हें त्यानें दोन वाक्यांत सांगितलें होतें. ती टीका निर्भय आहे, कारण ती कोणास पोंचत नाहीं. जी पोंचते, ती करण्यास किंमत पडते. ज्ञान आणि प्रेम या दोहोंची त्या मुलांजवळ वाण नाहीं. वाण आहे ती उत्तर मागण्याच्या हक्काची, आणि जेथें तो हक्क हातीं आहे, तेथें तो वापरण्याच्या धैर्याची. हें धैर्य त्यांच्यापाशीं नाहीं म्हणून त्यांस हंसण्याचा अधिकार मला नाहीं. मी स्वतः ज्या संस्थांचा सभासद आहें, त्यांच्या वार्षिक सभांत ताळेबंदाचें पान उलटून चहाची वाट पाहिली आहे. पारावरची चर्चा निदान ताळेबंद वाचावयास शिकविते. बालेवाडीच्या सदऱ्यानें पुतण्यास तेवढें शिक्षण दिलें. मोल मात्र जबर घेतलें.

गांवच्या पुढील सभेस तो जाईल कीं नाहीं, हें सांगवत नाहीं. त्यानें संस्थेचा छापील अहवाल मागून आणला आहे आणि रात्रीं पेन्सिल घेऊन वाचीत बसतो, असें माझ्या भावजयीनें परवां फोनवर सांगितलें.