मुकी झालेली नियतकालिके

गेल्या वर्षी उज्जैन येथील एका ग्रंथालयात आम्ही एक शोधनिबंध पाहावयास गेलो होतो. निबंध इलेक्ट्रॉनिक नियतकालिकातील. विषय, भजनाच्या चालीत गावागणिक होणारे फेरबदल. लेखकाने आपल्या प्रत्येक विधानाच्या पुष्टीसाठी ध्वनिमुद्रणाचा एकेक तुकडा जोडला होता. ग्रंथपालांनी मोठ्या तत्परतेने निबंध छापून आमच्या हाती ठेवला. जेथे जेथे आवाज असावयाचा, तेथे तेथे कागदावर एक लहानसा काळा त्रिकोण उमटला होता. ऐकण्याची काही सोय आहे काय, असे विचारता त्यांनी हसून शांतता राखण्याच्या पाटीकडे बोट दाखविले.

त्या सद्गृहस्थांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या काळ्या त्रिकोणांनी आम्हांस विचारात पाडले. ग्रंथालयांनी इलेक्ट्रॉनिक नियतकालिके स्वीकारली असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांनी स्वीकारले ते कागदी नियतकालिकाचे पडद्यावरील प्रतिबिंब. पृष्ठांची पीडीएफ प्रत मिळाली की निबंध मिळाला, अशी समजूत दृढ झाली आहे. आवाज, चलचित्र, फिरविता येणारी आकृती ही सारी 'पुरवणी' ठरते, आणि पुरवणीस सूचीत नोंद नसते.

हा विच्छेद नवा नाही. ग्रिअर्सनच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चा मराठीवरील सातवा खंड 1905 साली निघाला आणि आजही अनेक जुन्या ग्रंथालयांत तो आढळतो. याच सर्वेक्षणासाठी 1913 ते 1929 या काळात निरनिराळ्या प्रांतांतील बोलींच्या ग्रामोफोन तबकड्याही तयार झाल्या. खंड एका वाटेने गेले, तबकड्या दुसऱ्या. भाषेचा अभ्यासक पिढ्यानपिढ्या बोली वाचीत राहिला. ती ऐकण्याचे भाग्य फार थोड्यांस लाभले. अलीकडे शिकागो येथील डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने ते आवाज संगणकावर उपलब्ध करून दिले, तेव्हा कोठे शब्द आणि उच्चार यांची पुन्हा भेट झाली.

उज्जैनपासून देवास जवळच आहे. 1948 पासून अखेरपर्यंत कुमार गंधर्व तेथे राहिले आणि माळव्याची लोकगीते त्यांनी तेथेच टिपून घेतली. त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह 'अनूपरागविलास' या ग्रंथात आल्या आहेत. ग्रंथ थोर आहे. तथापि ज्याने ते गाणे कधीच ऐकले नाही त्याच्या हाती केवळ ती स्वरलिपी दिली, तर तो काय गाईल याची कल्पनाच केलेली बरी! स्वरलिपी ही आठवणीची खूण असते. आठवणच नसेल तर खुणेचा उपयोग काय? संगीत, बोली, उपासनाविधी, कीर्तन या विषयांत आवाज हाच पुरावा होय. तो काढून घेतला की निबंधात लेखकाचे केवळ मत उरते, आणि ते पडताळण्याचा वाचकाचा अधिकार जातो. आमचे मुख्य गाऱ्हाणे हेच आहे.

अमेरिकेतील 'नायसो' या प्रमाणसंस्थेने 2013 साली याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. निबंध समजण्यास आवश्यक असलेली जोडसामग्री एका बाजूस आणि केवळ अधिक माहितीची दुसऱ्या बाजूस, असा भेद त्यांनी केला. पहिलीचे जतन निबंधाइतक्याच काळजीने व्हावे असे सांगितले. भेद योग्य आहे. पण आवश्यक काय हे ठरवितात लेखक, संपादक आणि प्रकाशक. विकत घेणारे ग्रंथालय त्या चर्चेत कोठेच नसते. याउलट इंग्लंडातील यॉर्क येथून 1996 पासून निघणारे 'इंटरनेट आर्किऑलॉजी' हे नियतकालिक पाहावे. नकाशे आणि उत्खननाची आधारसामग्री हा तेथे लेखाचाच भाग मानला जातो, आणि ती सांभाळणारे पुरातत्त्व-संग्रहालय त्याच विद्यापीठात आहे.

जतनाचा प्रश्न आपल्या परंपरेस अपरिचित नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, भाविकांनी पुनःपुन्हा उतरून घेतल्यामुळे, आणि 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा छापता आला. अनेक ठिकाणी अनेक प्रती, हेच सूत्र घेऊन स्टॅनफर्ड विद्यापीठाने 1999 साली 'लॉक्स' ही योजना आरंभिली. परंतु ओव्या उरल्या तरी त्या कशा म्हटल्या जात हे हस्तलिखित सांगू शकत नाही; तसेच नुसती फाइल उरून भागत नाही, ती उघडणारे साधनही उरावे लागते. 2005 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेल्या 'व्हेक्टर्स'मधील अनेक दृक्-श्राव्य कृती फ्लॅश या तंत्रावर उभ्या होत्या. 2020 अखेर फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आला. कागदाला निदान वाळवी लागलेली दिसते तरी.

आपल्या देशात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेस नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, आणि समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. उज्जैनच्या शासकीय विद्यापीठातील विद्यार्थ्यास याचा लाभ होईल, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र योजना शासकीय संस्थांपुरती असल्याने खासगी धर्मशास्त्र-महाविद्यालये तिच्या बाहेर राहतात. त्यांनी आपली वर्गणी आपणच भरावयाची. म्हणूनच आमच्यासारख्या लहान ग्रंथालयांनी अटी अधिक बारकाईने वाचावयास हव्यात. वर्गणी थांबल्यावर मागील अंक आपणाकडे राहतील काय? राहिल्यास आवाजासह, की केवळ पृष्ठे? हे दोन प्रश्न करारापूर्वी लेखी विचारण्यास पैसा लागत नाही.

दुसरे काम घरचे आहे. सूचीत निबंधाच्या नोंदीपुढे 'ध्वनीसह' वा 'चलचित्रासह' एवढे दोन शब्द लिहावेत, म्हणजे वाचकास निदान कळेल की काही ऐकावयाचे राहिले आहे. आणि शांततेच्या पाटीखाली कानाला लावावयाची दोन यंत्रे टांगून ठेवावीत. त्या ग्रंथपालांना आम्ही तसे पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की मागणी वरिष्ठांकडे पाठविली आहे. यंत्रे 'फर्निचर' या सदरात धरावीत की 'पुस्तके' या सदरात, एवढाच निर्णय व्हावयाचा आहे.