फडावरची स्त्री आणि आपले लेखन

तमाशातील स्त्रीवर मराठीत लेखन झाले नाही, अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'पासून 2010 च्या 'नटरंग'पर्यंत चित्रपटांनी तिला पडद्यावर आणले. कथा, कादंबऱ्या, आत्मकथने यांतही ती पुष्कळ वेळा भेटते. आमची तक्रार निराळी आहे. एवढ्या साऱ्या लेखनात दुःख कोणाचे सांगितले आहे, हे एकदा निरखून पाहावे. रात्रीच्या बळावर पोट भरणारी ही बाई मृत्यू, ताटातूट आणि भय बरोबर घेऊन बारीला कशी उभी राहते, हा प्रश्न आपल्या लेखकांना फारच क्वचित पडला आहे.

'पिंजरा'चेच पाहा. व्ही. शांताराम यांचा हा 1972 चा चित्रपट आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आणि मग स्वतः पाहिला. त्याचे बीज 1930 च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटातले. तेथेही शिक्षक, येथेही शिक्षक. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर अखेर स्वतःच्याच खुनाबद्दल दोषी ठरतो, ही कल्पना विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु हानी होते ती सभ्य गृहस्थाची. नर्तकी ही त्या हानीचे निमित्त. तिच्या पायांतील चाळ आपल्याला ऐकू येतात ते मास्तरच्या कानांनी. 'नटरंग' (आनंद यादव यांची कादंबरी 1978 ची) एक पाऊल पुढे जाते. फडावर उभ्या राहणाऱ्या देहाला असणारा धोका त्यात उघडपणे येतो. पण तो देह नाच्याचा, म्हणजे पुरुषाचा आहे. स्त्रीवर हा प्रसंग गुदरता, तर लेखकाला तो एवढा हादरवणारा वाटला असता काय? आम्हांस शंका आहे.

या संदर्भात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी हकीगत मुद्दाम तपासण्याजोगी आहे. दिवस भरलेले असताना विठाबाई फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या कनातीमागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येण्यास सज्ज झाल्या. योगीराज बागूल यांनी 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा' हे त्यांचे चरित्र लिहिले आहे. पण ही हकीगत चरित्र न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. भाषणांत, स्मरणलेखांत, पुरस्काराच्या मानपत्रांत ती 'कलेवरील अलौकिक निष्ठा' म्हणून सांगितली जाते. ऐकणारा गहिवरतो, टाळी पडते, आणि विषय संपतो.

आमच्या मते विषय तेथे सुरू व्हावयास हवा. या आख्यायिकेच्या एका पाठात पुढचा भाग असा येतो: बाई परतल्या तेव्हा पोट दिसेना, म्हणून प्रेक्षकांनी चौकशी केली, खरा प्रकार कळताच त्यांनी आदराने खेळ थांबवायला लावला आणि बाईंना विश्रांती घेण्यास सांगितले. सांगणारे पुष्कळदा हा शेवट गाळतात. त्याने निष्ठेच्या कथेचे तेज कमी होते ना! परंतु खरी माहिती याच शेवटात आहे. खेळ थांबवणे प्रेक्षकांच्या हाती होते, बाईंच्या हाती नव्हते. नियम 43 खालील प्रसूतिरजेचे अर्ज रोज हाताळणाऱ्या आमच्या वाचकांना हा फरक समजावून सांगावयास नको. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला 2008 पासून 180 दिवसांची रजा मिळते. मूल जन्मतःच दगावले तर 60 दिवसांच्या विशेष रजेची तरतूद 2022 मध्ये झाली. म्हणजे नोकरीत दुःखालाही एक रकाना आहे. फडात तो नाही.

का नाही, याचे उत्तर निष्ठेत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावे. चैत्राच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेकरू पंच तेथे येऊन सुपारी देतात. फडमालक सावकाराकडून कर्ज उचलतो, कलावंत मालकाकडून 'उचल' घेतात, आणि हंगामभर नाचून ती फेडतात. सुपारी घेतलेल्या गावी खेळ झाला नाही, तर पैसे तर बुडतातच, वर चिडलेल्या जमावाशी गाठ पडते. अशा व्यवस्थेत घरी माणूस गेले, म्हणून पायांत चाळ न बांधणारी बाई स्वतःबरोबर साऱ्या फडाचा घास अडवते. दोन राष्ट्रपती पुरस्कार (1957 आणि 1990) मिळालेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस पैशाच्या विवंचनेत गेले. 2002 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. आता त्यांच्याच नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. त्या मानपत्रांत नाळेची गोष्ट येते, उचलीची येत नाही.

येथे, जयपूरच्या विद्याधर नगरात, शेजाऱ्यापाशी 'फड' हा शब्द काढला, तर त्याच्या डोळ्यांपुढे अगदी वेगळेच चित्र उभे राहते. राजस्थानात फड म्हणजे पाबूजीची कथा चितारलेला लांबलचक पट. रात्री तो ताणून बांधतात. भोपा रावणहत्था वाजवीत गातो आणि त्याची भोपी दिवा धरून त्या त्या चित्रावर उजेड पाडते, स्वतःही गाते. तीही रात्री काम करणारी, लोकांपुढे गाणारी बाईच. परंतु तिच्या पाठीशी देव आहे आणि शेजारी नवरा. त्या पटाला लोक देवळाप्रमाणे मानतात. आपल्या तमाशातही आरंभी गण होतो, गणपतीला आवाहन होते. पण ते छत्र गणापुरतेच. गौळण सरून रंगबाजी सुरू झाली, की बाई एकटी आणि समोर फर्माइशी करणारा जमाव. शब्दांच्या या योगायोगावर फार मोठी इमारत उभारू नये, हे आम्ही जाणतो. तरी परमुलखात राहण्याचा हा एक लाभ, की आपल्या घरचा शब्द परक्या उजेडात पाहावयास मिळतो.

आता किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (1994) या आत्मकथनाकडे वळू. या विषयावरील मराठी पुस्तकांत आम्ही ते फार वर मानतो. बायकांच्या नाचावर बाप आणि भाऊ बसून खातात, मुलीच्या 'चिरा उतरवण्या'चा विधी हा एक सौदा असतो, ठेवणाऱ्याने सोडले की उतरत्या वयात पुन्हा चाळ बांधावे लागतात: हे सारे काळे यांनी आतून सांगितले, आणि आईचे नाव स्वतःच्या नावात धारण करून सांगितले. ते डॉक्टर झाले. 2007 मध्ये अपघातात गेले. पुस्तकाची ताकद त्यातील पोरक्या मुलाच्या रागात आहे. आई येते, थोडा वेळ थांबते आणि पुन्हा निघून जाते. मूल दारात उभे राहते. परंतु याच ठिकाणी पुस्तकाची मर्यादाही आहे. दारापलीकडे गेलेली शांताबाई त्या रात्री काय करीत होती? मूल मागे ठेवून आलेल्या बाईने त्याच रात्री शृंगाराची लावणी कशी उभी केली? लेखक लहान आहे, त्याला ते दिसणे शक्य नव्हते. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष असलाच तर तो आपणा वाचकांचा. मुलाचे दुःख वाचून आपण आईचे दुःख कळल्याचे समाधान मानले.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न मुळीच झाले नाहीत असे नव्हे. सुषमा देशपांडे यांनी या स्त्रियांशी बोलून 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' हा प्रयोग रचला. त्यात लावणी करणारी स्त्री स्वतःच बोलते, आणि रडगाणे न गाता बोलते. भूषण कोरगांवकर यांचे 'संगीत बारी' (2014) हेही असेच मोलाचे. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी नवी अदा दाखवायची असते. ती अदा म्हणजे प्रेक्षकाला दिलेले आमंत्रण, असे आपण समजतो. आमच्या मते ती आडोसाही आहे. विरहाची ओळ दहा तऱ्हांनी घोळवताना त्यांतली एखादी तऱ्हा स्वतःसाठी ठेवता येते, आणि दौलतजादा करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दुःख गिळून काम करणे याला आपण सोशिकपणा म्हणतो; येथे ते कसब आहे, आणि कसबाची समीक्षा होऊ शकते.

कांताबाई सातारकर यांचे उदाहरण याहून ठसठशीत. तुकाराम खेडकर 1964 मध्ये वारले, त्यानंतर कांताबाईंनी मुलांना घेऊन पुढे स्वतःचा फड उभा केला आणि तो नावारूपाला आणला. वगात त्या शिवाजी महाराजांचीही भूमिका करीत. नवरा गेलेली बाई मंचावर छत्रपती होऊन उभी राहते, याचा अर्थ लावण्याचे आव्हान कोणा समीक्षकाने घेतलेले आमच्या वाचनात नाही. 2021 च्या मे महिन्यात, महासाथीच्या काळात, त्यांचे निधन झाले. त्या वेळी यात्रा बंद होत्या आणि फडांच्या गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या.

रात्रीचे काम करणाऱ्या स्त्रीच्या रक्षणाची भाषा आपल्याकडे सरकारही अधूनमधून बोलते. मुंबईच्या नृत्यबारांवर 2005 मध्ये बंदी आली ती याच भाषेत. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, तोवर बायकांचे काम गेलेलेच होते. तमाशाला मात्र बंदीवाचूनच कात्री लागली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आवाजापासून लोकांना वाचवण्यासाठी आहे आणि त्याविरुद्ध बोलणे कठीण आहे. परंतु पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा खेळ आता दहाच्या आत आटपावा लागतो. गण आणि गौळण उरकून चित्रपटांतील गाण्यांच्या फर्माइशी पुरवता पुरवता वेळ संपते. सुटतो तो वग. वगात बाईला आई होता येई, विधवा होता येई, मेलेल्या माणसासाठी चारचौघांत मोठ्याने रडता येई, आणि प्रेक्षक ते भूमिकेतले रडणे म्हणून मान खाली घालून ऐकत.