पातेले एक, कुत्री चार

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ माळाकडे जाताना एका परिचित गुरुजींच्या वस्तीवर आमचा चहा ठरलेला असतो. उसाच्या कडेला घर, गोठ्यात गाई, अंगणात चार गावठी कुत्री. दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा त्यांच्या सात वर्षांच्या नातवाच्या हाताला पट्टी बांधलेली होती. संध्याकाळी धारा काढून झाल्या की शिळ्या भाकरी ताकात कुस्करून एका मोठ्या पातेल्यात ओतायच्या आणि पातेले अंगणात ठेवायचे, हा त्या घरचा शिरस्ता. दिवस आखाडाचे होते. त्या दिवशी भाकरीबरोबर मटणाची हाडेही पातेल्यात पडली. दोन कुत्री जुंपली, पोर सोडवायला धावले. चावा नेमका कोणाचा, हे आजवर कळलेले नाही. गुरुजींनी जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतली आणि त्याच रात्री दवाखाना गाठून लस सुरू केली, हे फार चांगले केले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही, हे शिक्षकांनी वर्गात कितीदा सांगितले तरी कमीच आहे.

आम्हांला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. गुरुजी बेफिकीर नव्हते. कुत्री पाळण्याविषयीचे एक पुस्तक त्यांनी आणून वाचले होते आणि त्याप्रमाणे ते सहा महिने वागत होते. पुस्तकातला युक्तिवाद थोडक्यात असा : कुत्रा म्हणजे मुळातला लांडगा. लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, त्याला ‘अल्फा’ म्हणतात. तो आधी खातो, बाकीचे मागून. म्हणून घरातल्या वरचढ कुत्र्याला आधी वाढावे, म्हणजे भांडण होणार नाही. मालकाने तर साऱ्यांचाच अल्फा व्हावे. त्यासाठी खाणाऱ्या कुत्र्यासमोरचे भांडे मधूनच उचलून घ्यावे आणि तो गुरगुरला तर दटावावे. गुरुजींनी दटावले. महिन्याभरात गुरगुरणे थांबले. कुत्री सुधारली असे सर्वांना वाटले. वस्तुतः कुत्र्यांच्या मनातली धास्ती तशीच होती, थांबला होता तो फक्त इशारा. त्यामुळे त्या संध्याकाळी पोराला सूचना मिळालीच नाही.

अशी पुस्तके दुकानांतून अजूनही मिळतात. त्यांची एकेक करून झाडाझडती घेण्यात अर्थ नाही, कारण ती सारी एकाच झऱ्याचे पाणी पितात. झरा तपासलेला बरा.

स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने पिंजऱ्यातल्या लांडग्यांचे निरीक्षण केले आणि १९४७ मध्ये ते प्रसिद्ध केले. निरीक्षण बारकाईचे होते, त्याबद्दल शंका नाही. लांडग्यांची कोणती मुद्रा वरचढपणाची आणि कोणती नमते घेण्याची, हे त्याने फार नेमके टिपले. पण हे लांडगे राहत होते कुठे? दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब आवारात, आणि संख्या दहापर्यंत. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगावा : एका लांडग्याच्या वाट्याला वीस चौरस मीटर, म्हणजे आपल्या वर्गखोलीच्या निम्म्याहूनही कमी. जो प्राणी एरवी शेकडो चौरस किलोमीटर मुलूख तुडवतो, त्याला परक्यांबरोबर एवढ्याशा जागेत कोंडले, निघून जायची वाट बंद केली, तर तेथे उतरंड आणि मारामारी दिसणारच. रेल्वेच्या जनरल डब्यात बसून मराठी माणसाच्या कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहावा, तसाच हा प्रकार.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांनी १९७० मध्ये ‘द वुल्फ’ हा ग्रंथ लिहिला आणि शेंकेलची ही कल्पना त्यात घेतली. लांडग्यांवर तोवर झालेले बहुतेक काम एकत्र आणणारा हा ग्रंथ आहे. आम्हीही तो विद्यार्थिदशेत आदराने वाचला. त्याचा खप मोठा, लेखकाचा अधिकार मोठा. ‘अल्फा’ शब्द तेथून सामान्य वाचकांत पसरला आणि कुत्री शिकवणाऱ्यांनी तो उचलला. पुढे १९८६ पासून मीच कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीअर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या सान्निध्यात राहिले. तेथे त्यांना जे दिसले ते वेगळे होते. कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची एकदोन वर्षांची पिल्ले. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणून. झुंजी जिंकून त्यांनी गादी मिळवलेली नसते. बाहेरून खाऊन आलेले मोठे लांडगे पिल्लांपुढे पोटातले अन्न ओकून त्यांना भरवतात. अशा बापाला ‘अल्फा’ म्हणायचे, तर आपल्या घरोघरच्या आजोबांनाही म्हणायला हवे! १९९९ मध्ये ‘कॅनेडियन जर्नल ऑफ झूऑलॉजी’त लेख लिहून मीच यांनी स्वतःची चूक उघडपणे दुरुस्त केली. जुने पुस्तक छापणे बंद करा असा लकडा त्यांनी प्रकाशकांकडे लावला होता. ते शेवटी बंद झाले २०२२ मध्ये.

स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या ग्रंथाविरुद्ध लेखकानेच इतकी वर्षे झगडावे, हे विज्ञानात वारंवार दिसत नाही. शिक्षकांनी ही हकीकत वर्गात अवश्य सांगावी. तथापि आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती मीच यांच्यापेक्षा त्यांच्या वाचकांविषयी आहे. त्याच १९७० च्या ग्रंथात अन्नावरच्या भांडणाविषयी एक साधे निरीक्षण होते, आणि पुढच्या संशोधनाने ते खोटे ठरवलेले नाही. प्रत्येक लांडग्याच्या तोंडाभोवतीची थोडीशी जागा ही त्याची मालकीची असते. तेवढ्या जागेतला घास तो राखायला पाहतो, मग हिसकावणारा कितीही वरचढ असो. मीच यांनी १९९९ च्या लेखात हे पुन्हा नमूद केले आहे. म्हणजे एकाच ग्रंथात दोन गोष्टी होत्या. एक नाट्यमय, सिंहासनाची. दुसरी घरगुती, तोंडातल्या घासाची. जगाने पहिली उचलली आणि दुसरी पानांत पडून राहिली. गुरुजींच्या अंगणाला उपयोगी पडली असती ती दुसरी.

त्या पातेल्याकडे आता या नजरेने पाहावे. काठाभोवती चार तोंडे. प्रत्येक तोंडाभोवती मालकीचे एक वर्तुळ. कागदावर काढून पाहा, चारही वर्तुळे एकमेकांत घुसलेली दिसतील. भाकरी असते तोवर घासामागे घास मिळत राहतो, तेव्हा घुसखोरी खपून जाते. हाड पडले की खपत नाही, कारण हाड एकच असते, वाटून खाता येत नाही आणि चघळायला वेळ लागतो. भांडण जितके कुत्र्यांच्या स्वभावात होते, तितकेच ते भांड्याच्या आकारात होते.

अन्नाच्या प्रतीवर भांडण कसे अवलंबून असते याचे उत्तम काम आपल्याच देशात झाले आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. कुत्री आणि तिची वाढती पिल्ले यांच्यात अन्नावरून कितपत ओढाताण होते, हे त्यांनी पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पिष्टमय अन्नापेक्षा प्रथिनयुक्त, म्हणजे मांसाच्या अन्नावरून आई पिल्लांशी अधिक भांडते. पोटच्या पिल्लांशी ही गत, मग चार जागांहून आणलेल्या कुत्र्यांनी रविवारच्या हाडांवरून समंजसपणे वागावे ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

अल्फाचे खंडन करणाऱ्यांचीही एक नवी फळी आता तयार झाली आहे, आणि त्यांच्याशीही आमचे पटत नाही. ते म्हणतात, उतरंड वगैरे काही नसते, कुत्री प्रेमाने वाढवली की वाटून खातात. ऑस्ट्रियातील एर्न्स्टब्रून येथे माणसांनी हातावर वाढवलेले लांडगे आणि कुत्री ठेवली आहेत. तेथे फ्रीडेरिके रांगे, झोफिया विरान्यी यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात दोन-दोन प्राण्यांना एकत्र अन्न दिले. निकाल २०१५ मध्ये आला आणि तो दोन्ही पक्षांना अडचणीचा होता. लांडग्यांच्या जोडीत दुय्यम लांडगाही गुरगुरत आपला वाटा मागत होता आणि दोघेही खात होते. कुत्र्यांच्या जोडीत मात्र दुय्यम कुत्रा बव्हंशी बाजूलाच राही आणि वरचढ कुत्रा अन्न बळकावी. उतरंड होती, आणि ती कुत्र्यांत अधिक कडक होती. जेथे गुरगुर ऐकू येत होती तेथे वाटणी होत होती. जेथे शांतता होती तेथे एक जण उपाशी राहत होता. ‘आमची कुत्री कधी भांडत नाहीत’ असे कोणी सांगितले की तेव्हापासून आम्ही विचारतो, सर्वांत रोड कोणते आहे?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, पातेले बाद. चार कुत्र्यांना चार भांडी, तीही ओळीने मांडलेली नकोत. एक ओसरीच्या टोकाला, एक गोठ्यामागे, एक चुलीच्या पडवीत, एक फाटकाच्या आत, अशी एकमेकांच्या नजरेआड असावीत. फुटकी घमेली चालतात. आधी कोणाला वाढले हा प्रश्न मग गौण होतो. जो आपले संपवून दुसऱ्याकडे धावतो त्याला तेवढा वेळ दाव्याला बांधावे. खाऊन झाले की रिकामी भांडी उचलावीत, कारण रिकाम्या भांड्यावरूनही कुत्री भांडतात. शिजवलेली हाडे देऊच नयेत, ती फुटून आतड्यांत रुततात. खेळण्यांचेही असेच. वस्तीवरची खेळणी म्हणजे जुनी चप्पल, करवंटी, पोरांचा चेंडू. बारामतीच्या बंगल्यात रबरी हाड असेल एवढाच फरक. धूळ खात पडलेल्या चपलेकडे आठवडाभर कोणी पाहत नाही, पण एकाने ती तोंडात धरली की तिघांना तीच हवी असते. ती हिसकावू नये. दूर भाकरीचा तुकडा टाकावा, कुत्रा चप्पल सोडून जाईल, मग उचलावी. आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधी दटावू नये. तो बोलतो आहे, त्याला बोलू द्यावे आणि पोरांना लांब ठेवावे.

भांडे काढून घेण्याच्या उपदेशाबद्दल एक पुरावा उपलब्ध आहे, तो जपून वापरायला हवा. कॅनडातील संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्यांकडून माहिती भरून घेऊन २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. खाताना भांडे काढून घेतले जाणाऱ्या कुत्र्यांत माणसांवर उग्रपणे धावून जाणे अधिक आढळले. खाताना भांड्यात चवदार तुकडा वरून टाकला जाणाऱ्यांत कमी. पण कुत्रा मुळात तापट होता म्हणून मालक भांडे काढू लागला, की भांडे काढल्याने तो तापट झाला, हे अशा पाहणीतून ठरत नाही. वरच्या वर्गांना सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

रात्री अंगणात उरलेसुरले टाकून ठेवू नये, याचे या भागात आणखी एक कारण आहे. ज्या लांडग्याच्या नावाने हा सारा वाद चालला तो येथे कुंपणापलीकडेच राहतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चे, क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. लांडग्याचा संसार त्यात मावत नाही, तो माळावरून, मेंढवाड्यांच्या आणि वस्त्यांच्या कडेने फिरतो. उकिरड्यावरच्या अन्नाशी कुत्री आणि लांडगे जवळ येतात, रोगांची देवघेव होते. कुत्रा-लांडगा संकराचा जनुकीय पुरावाही पुण्याजवळच्या माळावरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या वस्तीवर गेलो. नातू आता ओसरीवर बसून वहीत नोंदी करतो. जवळ जायचे नाही ही अट आजोबांनी घातली आहे. आधी त्याने ‘कोण पहिले आले’ असा रकाना आखला होता. आम्ही तो ‘कोणी किती खाल्ले’ असा बदलायला सांगितले, कारण पहिल्या रकान्यातून फक्त म्होरक्याच सापडतो. दुसऱ्या रकान्याने राजीचा पत्ता लागला. ही तांबूस कुत्री पातेल्याच्या काळात कधी भांडली नव्हती, त्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नव्हते. ती जातीचीच बारीक आहे असे घरचे समजत. आता तिला गोठ्यामागे वेगळे घमेले असते आणि तिच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या आहेत. मोत्या आणि वाघ्याचे मात्र अजून पूर्ण जमलेले नाही. वाघ्याला वाढण्याआधी बांधावेच लागते. वहीत त्या दिवशीची नोंद होती : राजीला खायला अकरा मिनिटे लागली, त्यात तिने नऊ वेळा मान वर करून गोठ्याच्या कोपऱ्याकडे पाहिले.